नेत्रतपासणी प्रशिक्षणासाठी जुने फोन आणि पेनटॉर्च हवे आहेत

डोळ्याच्या बाहुलीवर टॉर्च कुणीही मारेल. दोष ओळखायचा तर तो आधी पाहिलेला असावा लागतो. एका डोळ्याच्या दृष्टीच्या नसेला इजा असेल, तर चांगल्या डोळ्यावरचा टॉर्च त्या डोळ्यावर नेताच दोन्ही बाहुल्या आकसण्याऐवजी मोठ्या होतात. असा रुग्ण नेमका प्रशिक्षणाच्याच दिवशी ओपीडीत येत नाही. आला तरी वीस जणांनी पाळीपाळीने त्याच्या डोळ्यांत उजेड मारावा, हे काही बरं नव्हे.

म्हणून आमची समिती पहिला सराव मोबाइलवरच्या सिम्युलेशन ॲपवर घेते. स्क्रीनवरचा टॉर्च बोटाने एका डोळ्यावरून दुसऱ्यावर न्यायचा आणि प्रत्येक डोळ्यावर साधारण तीन सेकंद थांबायचं. घाई केली तर बाहुलीला प्रतिसाद द्यायला वेळच मिळत नाही. डोळ्यांच्या हालचाली, डोळा हलवणाऱ्या तिसऱ्या आणि सहाव्या नसेचा लकवा, डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो हेही त्यातच होतं. हाताचं वळण मात्र ॲप लावत नाही. ॲपवर सगळं बरोबर सांगणारा विद्यार्थी खऱ्या माणसासमोर टॉर्च नाकासमोर धरतो. रुग्ण जवळच्या टॉर्चकडे बघतो आणि जवळ बघण्यानेच बाहुली आकसते. म्हणून लगेच दुसरा सराव अंधाऱ्या खोलीत, एकमेकांवर, नजर लांबच्या भिंतीवर ठेवून.

वीसच्या तुकडीत दोघांत एक, असे दहा फोन किंवा टॅब लागतात. स्क्रीन साडेपाच इंचांपेक्षा मोठी आणि अँड्रॉइड ९ किंवा पुढचं असावं. कॅमेरा, स्पीकर बिघडलेले असले तरी चालतील. स्क्रीन मात्र धड हवी. टचचा एखादा पट्टा मेला असेल, तर टॉर्च मध्येच अडकतो आणि विद्यार्थ्याला वाटतं, बाहुलीच हलत नाही. स्क्रीनवर जुन्या चित्राची सावली बसली असेल, तर ती डोळ्याच्या पडद्यावरचा डाग वाटते. फुगलेल्या बॅटरीचा फोन कृपया आणू नका.

देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढा. मग सेटिंग्जमधून गुगल खातं काढा आणि त्यानंतरच फोन रीसेट करा. हा क्रम चुकला, तर रीसेटनंतर फोन जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसू शकतो आणि मग आमच्या काही कामाचा राहत नाही.

पिवळसर उजेडाचे, एकसारख्या प्रकाशाचे वीस पेनटॉर्चही हवेत. निळसर, भगभगीत एलईडीने रुग्ण डोळे मिटून घेतो; सेल उतरलेला असेल तर बाहुली जेमतेम हलते. म्हणून सोबत सेल दिलेत तर फार बरं. कपाटात पडून असलेला डायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोपही (डोळ्याच्या आत बघायचं हातातलं उपकरण) द्या. बल्ब गेलेला चालेल, पण हँडलमध्ये सेल गळून गंज चढलेला नको.

रोख देणगीतून टॉर्च, सेल आणि चार्जिंगचे बोर्डच घेतले जातील. पावती जागेवर मिळेल. वस्तू महिनाअखेरपर्यंत, रविवार सोडून, दुपारी ४ ते ६ या वेळेत समितीच्या कार्यालयात आणून द्याव्यात. चार्जर असेल तर फोनला रबराने बांधून आणा.