विषय : हाताने फुंकलेले म्हणून साच्यातले ग्लास पाठवले, आणि वर तुमच्या माणसाचं ते उत्तर

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवलाय, त्यामुळे नमस्कार-चमत्कार राहू देत. ऑर्डर तुमच्या सिस्टिममध्ये आहे, फोटो आणि व्हिडिओ परत परत पाठवून झालेत. हे पत्र मॅनेजमेंटने वाचावं. तुम्ही मेक्सिकोतला हस्तकलेचा माल विकता म्हणजे तोनालात काच कशी फुंकतात हे तुम्हाला माहीत असणारच, कॉल सेंटरला शिकवत बसायचा मला आता कंटाळा आलाय.

तुमच्या साइटवर लिहिलंय, हालिस्को राज्यातल्या तोनालाच्या कारागिरांनी हाताने फुंकलेले, निळ्या काठाचे टकिलाचे काबायितो, म्हणजे टकिला प्यायचे उभट छोटे ग्लास, सहाचा सेट. आले ते सहाच्या सहा तंतोतंत सारखे. एक खिडकीपाशी धरून बोटात फिरवला तर बुडापासून वरपर्यंत एक बारीक उभी रेघ बोटाला लागते आणि बरोबर तिच्यासमोर दुसरी, म्हणजे साच्याची दोन पाखं जिथे मिटतात ती जोड. बूड एकदम गुळगुळीत. फुंकलेला ग्लास नळीवरून सोडवून दुसऱ्या दांडीवर घेतात, तापवून त्याचा काठ उघडतात आणि शेवटी ती दांडी तोडतात, तिथे बुडाला खरबरीत वण राहतो. काही जण तो घासून काढतात हे मला माहितीये, पण घासल्याची खूण तरी दिसते, इथे काहीच नाही. निळा काठ म्हणजे गरम निळ्या काचेची तार तोंडाभोवती गुंडाळलेली असते, कुठे जाड कुठे बारीक. तुमचा निळा काठ मी नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. रंग आहे तो, रंग! ज्या काठाला ओठ लावायचे तिथे!

मी कामासाठी ग्वादालाहारात राहिलेय आणि सुट्टीच्या दिवशी तोनाला, त्लाकेपाकेच्या वर्कशॉपमध्ये तासन् तास उभी असायची. तिथे जुन्या बाटल्या, फुटकी काच भट्टीत वितळवून हे ग्लास होतात, म्हणून काचेत बुडबुडे असतात, किंचित हिरवट झाक असते, दोन ग्लास कधी एका उंचीचे नसतात. त्या माणसाचा श्वास कुठे कमी पडला, कुठे त्याने दांडी जरा उशिरा फिरवली ते त्या ग्लासात राहतं, आणि मी पैसे त्याचेच देते.

आता तो फोन. जसा झाला तसाच लिहिते, कारण तुम्ही रेकॉर्डिंग ठेवता, काढून ऐका. मी जोड, बूड, रंग सगळं सांगितलं. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्हाला तर फिनिशिंगवाला पीस गेलाय. हँडमेडमध्ये बबल येतात, वाकडे येतात, कस्टमर रिटर्न करतात." मी म्हटलं, अहो मला तेच हवे होते, तुम्ही तेच विकलंत. यावर त्याने फोनवर हात ठेवला, मागे कुणाशी तरी बोलला, कुणीतरी हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं, आणि मग परत येऊन मला विचारतो, "मॅडम, सरांकडे फोन देता का? ग्लास सर वापरणार ना, त्यांना काही प्रॉब्लेम आहे का?" मी म्हटलं, कुठले सर? ऑर्डर माझ्या नावावर, कार्ड माझं, कलेक्शन माझं. तर म्हणतो, "तसं नाही मॅडम, पण ड्रिंकचे ग्लास आहेत म्हणून विचारलं. आणि शेवटी एक घोटच मारायचाय, ग्लास कुठलाही चालतो."

कुठलाही चालतो तर साडेनऊ हजार कशाचे घेतलेत? मी पिते की नाही पिते हा तुमचा विषयच नाही. आणि तक्रार सरांनीच करायची असं तुमचं धोरण असेल तर साइटवर तसं लिहून टाका की, फक्त सरांसाठी, म्हणजे आम्ही बायका आमचे पैसे दुसरीकडे घालवू.

त्याच पार्सलमधला तास्कोचा, म्हणजे मेक्सिकोतल्या चांदीकामाच्या गावचा, चांदीचा शॉट कप, तो तर अजून वेगळंच प्रकरण. लिस्टिंगमध्ये '१९५० च्या दशकातला व्हिंटेज' म्हटलंय. बुडावर शिक्का काय, तर टी, पुढे एक अक्षर, मग आडवी रेघ आणि आकडा. ही अक्षर-आकड्यांची नोंदणीपद्धत साधारण १९८० पासूनची आहे, पहिलं अक्षर गावाचं, दुसरं कारागिराच्या नावाचं. १९५० च्या दशकातल्या मालावर गरुडाचा शिक्का सापडतो, तो १९४८ च्या सुमारास सुरू झाला. विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकन डिझायनरने १९३१ मध्ये तास्कोत वर्कशॉप काढलं तिथपासूनचे शिक्के कलेक्टर लोक भिंग घेऊन बघतात हो, आणि विकणाऱ्याला आपल्याच मालाच्या बुडावर काय लिहिलंय ते दिसत नाही? कप वाईट नाहीये, चांदी खरी आहे, पण तो वीसेक वर्षांनी तरी तरुण आहे आणि किंमत तुम्ही म्हाताऱ्याची लावलीत.

वाईट याचं जास्त वाटतं की हे तुम्हीच केलंत. तुमच्याकडूनच मी मेक्सिकोतल्या वाहाकाचे बार्रो नेग्रोचे, म्हणजे काळ्या मातीचे, पेले घेतले होते, सान बार्तोलो कोयोतेपेकचे, भाजायच्या आधी गारगोटीने घासून चमक आणलेले, आणि सोबत चिठ्ठी होती की हे पॉलिशवाले शोभेचे आहेत, पाझरतात, यात काही ओतू नका. इतकं खरं सांगणारं दुकान म्हणून मी चार जणांना तुमचं नाव दिलं. ती चिठ्ठी लिहिणारी व्यक्ती अजून तुमच्याकडे असेल तर माझी तक्रार तिच्याकडे द्या.

"फुटला असेल तरच रिटर्न" हे मला परत सांगू नका. २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत, जाहिरातीत सांगितल्यासारखी वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. ग्लासचे पूर्ण पैसे परत हवेत, पिकअप तुमच्या खर्चाने. कपचं लिस्टिंग दुरुस्त करून फरकाची रक्कम द्या. आणि 'सरांना फोन द्या' म्हणणाऱ्याची माफी मला लेखी पाहिजे, माझ्या नावाने. मुदतीत उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आणि मग जिल्हा ग्राहक आयोग, जोडीची रेघ दिसणारे फोटो तयारच आहेत.

फोन करू नका. ईमेलवरच लिहा.