माईच्या बाकाबद्दल, आणि आजोबांच्या जाळीबद्दल

ति. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर माईच्या बाकाचा विषय काढला की बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि आई फोन हातात घेऊन जेवलीस का विचारते, म्हणून लिहूनच पाठवतेय. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असलं तरी पत्र समजून वाचा, आणि बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, तिला त्या फोनवर बारीक अक्षर दिसत नाही.

बाबा, सांगलीच्या आपल्या बागेत माईच्या नावाने बसवायच्या बाकावर कोरायच्या मजकुराचा कच्चा फोटो पाठवलात तो बघितला. वर "कै. गं. भा." करून माईचं नाव, खाली "यांच्या पवित्र स्मरणार्थ सप्रेम भेट", मग तुम्ही, काका, दोन्ही आत्या, सुना, जावई, आम्ही नातवंडं, पतवंडं सुद्धा (दादाच्या पिल्लाचं अजून बारसं नाही झालं, त्याचं नाव कुठून आलं?), आणि सगळ्यात खाली "मा." लावून त्या साहेबांचं नाव आणि शुभहस्ते वगैरे. मी मोजलं, माई एका ओळीत आहे आणि आपण बाकीचे नऊ ओळींत. लग्नपत्रिका वाटतेय ती. आणि गं. भा. कशाला? रेशनकार्डाच्या फॉर्मवर एकदा कुणीतरी तसं लिहिलं होतं तेव्हा माईने पेन मागून स्वतः खोडलं होतं, "माझं नाव आहे की मला" म्हणून, आठवतंय ना. आता ती नाही तर आपण परत लावायचं का ते?

रागावू नका. बाक बसवायची कल्पना मला आवडलीच आहे. फक्त मी इथे न्यूयॉर्कमध्ये असल्या नावाच्या बाकांच्या शेजारी दहा वर्षं बसून डबा खाल्लाय, त्यामुळे चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

आमच्या जुन्या ऑफिसपासून सेंट्रल पार्क जवळ होतं, हे तुम्हाला माहितीये, तुम्ही दोघं आलेलात तेव्हा आपण तिथे गेलो होतो आणि आईला खारी जास्त आवडल्या होत्या. तर त्या बागेत जवळपास दहा हजार बाक आहेत आणि त्यातल्या हजारो बाकांच्या पाठीवर स्टीलची छोटीशी पट्टी असते. १९८६ पासून ही योजना सुरू आहे, बाक दत्तक घ्या म्हणून. मी चौकशी केली तेव्हा दहा हजार डॉलर होते, म्हणजे आपले आठ-नऊ लाख. बाबा आत्ता "वेड लागलंय का लोकांना" म्हणाले असतील. पण त्या पैशात बाक नुसता विकत येत नाही. तो बाक आणि आजूबाजूची बाग पुढे सांभाळायला म्हणून ते पैसे जातात. फळी कुजली, रंग उडाला, की त्यातून दुरुस्ती. सत्तरच्या दशकात त्या बागेची पार वाट लागली होती, मोडके बाक, सगळीकडे रंगाने खरडलेलं, मग १९८० मध्ये लोकांनीच संस्था काढली, ती आता बाग चालवते आणि बहुतेक खर्च देणग्यांतूनच उभा करते. बाग मात्र शहराचीच. (अर्थात आजूबाजूला गडगंज लोक राहतात म्हणून हे जमतं, गरीब वस्तीतल्या बागेसाठी असे देणगीदार कुठून येणार. सगळं गोड नाहीये, एवढंच सांगते.)

आणि त्या पट्टीवर किती लिहायचं तर चार ओळी, एका ओळीत तीस अक्षरं, त्यात स्पेस आणि स्वल्पविराम धरून! मी एकदा डबा खाता खाता तुमच्यासारखा मजकूर त्यात बसवून बघितला, आपला खानदानी मजकूर पहिल्या आत्यापाशीच संपला. जोडाक्षर एक धरायचं की दोन हा वेगळाच वाद. पण त्या बंधनामुळे लोक काय लिहितात बघा, कुणी कुत्र्याचं नाव, कुणी लग्नाची मागणी, कुणाचा साठावा वाढदिवस. म्हणजे सगळे गेलेलेच असतात असं नाही, जिवंत माणसांच्या नावाने पण असतात. आपल्याकडे जिवंत माणसाचं नाव असं कोरलं तर आई दृष्ट काढायला बसेल.

माझ्या नेहमीच्या बाकावर एक बाई यायची, सत्तरीची असेल, आधी रुमालाने पट्टी पुसायची मग बसायची. वर्षभर आम्ही नुसतं हसायचो एकमेकींकडे, मग एकदा मी विचारलं, तुमचे मिस्टर इथे खूप यायचे का. तर म्हणाली छे, त्याला बागेत यायचा भयंकर कंटाळा होता, पण मला बसस्टॉपजवळ बसायला जागा हवी होती! मला इतकं आवडलं ते. बाक गेलेल्या माणसाच्या नावाने असला तरी बसणार मागे राहिलेलंच कुणीतरी ना.

म्हणूनच बाबा, तो ग्रॅनाइटचा बाक नको. गुळगुळीत दिसतो, मान्य, पण सांगलीच्या मे महिन्यात दुपारी चारला त्यावर बसून दाखवा, भाकरी भाजेल. पाठ नाही, हात नाहीत. तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही कशाला तरी हात टेकल्याशिवाय उठत नाही, मग ज्या बाकावरून तुम्हालाच उठता येणार नाही तो कुणासाठी? इथले ते लोखंडी गोल हातांचे बाक आहेत, १९३९ च्या वर्ल्ड फेअरसाठी केलेल्या डिझाइनचे, अजून तेच वापरतात, लाकडी पट्ट्या, पाठ आणि टेकायला हात. आपल्याकडे फॅब्रिकेशनवाला तसं सहज करून देईल.

आणि माईचा फोटो कोरायचा नाही. प्लीज. माईच्या फोटोला पाठ लावून कोण बसेल हो? लोक हात जोडून पुढे जातील, कुणीतरी गुरुवारी हार घालेल, आणि बाक राहील रिकामा. इंग्लंडमधल्या मामेबहिणीने सांगितलं की तिथे बरेच कौन्सिलवाले बाकाला फुलं, फुगे काही बांधूच देत नाहीत, याच कारणाने, समाधी झाली की बसायचं बंद. तिथे पाटीचा करार पण कायमचा नसतो, बऱ्याच ठिकाणी दहा वर्षं, मग घरच्यांना विचारतात, परत पैसे भरता का. मला आधी कसंतरीच वाटलं ऐकून. मग वाटलं, आपण श्राद्ध तरी एकदाच घालून मोकळे होतो का? दरवर्षी घालतोच की.

आता झाड. तुम्ही लिहिलंय "बाकाशेजारी गुलमोहर लावू, आजोबांसारखा". बाबा, आजोबांचा गुलमोहर मेला. तुम्हाला माहितीये, तुम्ही बोलत नाही त्यावर. मागच्या दिवाळीत मी मुद्दाम जाऊन बघितलं. झाडाभोवतीची लोखंडी जाळी उभी आहे, वर पत्र्यावर आजोबांचं नाव, "स्मरणार्थ" मधला र्थ गंजून गेलाय, आत गवत, एक चहाचा कागदी कप आणि जाळीला कुठल्यातरी क्लासचा बॅनर तारेने बांधलेला. मी बॅनर सोडवला आणि उगाच रडले तिथे. कुणी मुद्दाम नाही केलं काही. जुलैमध्ये फोटो काढून लावलं, दिवाळीपर्यंत पावसाच्या ओलीवर जगलं, पहिल्या उन्हाळ्यात कुणीतरी घालत असेल पाणी, दुसऱ्यात कुणीच नाही. रोप लावायला अर्धा तास लागतो, जगवायला तीन उन्हाळे लागतात, आणि त्या तीन उन्हाळ्यांचे पैसे आपण कुणालाच दिले नव्हते. झाड गेलं आणि नाव राहिलं, हे उलटं झालं ना सगळं.

इथे झाडाला पाटीच लावत नाहीत. त्या बागेत एल्मच्या झाडांचा मोठा रस्ता आहे, तुमचा फोटो आहे तिथला. ती जात रोगाने अमेरिकेत ठिकठिकाणी मेली, या रांगा मात्र रोगट फांद्या शोधून शोधून कापत वाचवल्यात. झाडासाठी देणगी दिली की नाव रस्त्याच्या दक्षिण टोकाला जमिनीवरच्या फरशीत कोरतात. आई म्हणेल शी, लोकांचे पाय लागतात. पण आई, पंढरपूरला आपण नामदेव पायरीपाशीच थांबतो ना आधी? पाय लागावेत म्हणूनच पायरी मागितली त्यांनी. आपल्याकडे मात्र पाटी थेट खोडात खिळ्याने ठोकतात, पुण्यात त्या 'आंघोळीची गोळी' नावाच्या गटातली मुलं झाडांचे खिळे काढत फिरतात तेव्हा ढिगाने निघतात.

खरं सांगू का, मला सारखा माईच्या माहेरचा पार आठवतो. वडाभोवतीचा. दगड-मातीचा, सारवलेला, कुणाचं नाव नाही त्यावर, आणि तरी सगळ्यांना माहीत की तो कुणाच्या आजोबांनी बांधला. बाक वेगळा, झाड वेगळं, स्मारक वेगळं असं काही नव्हतंच, एकाच गोष्टीत सगळं. माई तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, "टेक की जरा, कुठं आग लागलीय?" आपल्या बागेत वड नको, कंपाउंडची भिंत फोडेल, पण डोक्यात तसं काहीतरी ठेवा. फक्त आता लोक पार बांधतात तो सिमेंटचा, खोडाला अगदी चिकटून, झाडाचा गळाच आवळतात. दिल्लीत २०१३ मध्ये हरित लवादाने झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. तेवढी माती मोकळी ठेवायचीच, बाक त्याच्या बाहेर.

झाड बकुळीचं लावू या का? माई वाळलेल्या बकुळी साडीच्या घडीत ठेवायची, आईच्या कपाटात अजून वास येतो. वाढायला हळू आहे, तुम्हाला सावली मिळायला बरीच वर्षं लागतील हे खरं, पण बारा महिने पानं असतात आणि गुलमोहरासारखी फांदी मोडून कुणाच्या डोक्यात पडत नाही. आणि एकदा लागलं की १९७५ च्या झाडांच्या कायद्यात येतं, परवानगीशिवाय तोडता येत नाही, निदान कागदावर तरी. २०१९ च्या पुरात आपल्या बागेत पाणी होतं तेव्हा दोन बाक उलटेपालटे झाले, संगमरवरी पाटीचे तुकडे आपण बघितले, आणि कोपऱ्यातला करंज चिखलाने माखून उभा होता. एवढं पुरे ना मला पटायला.

पैशांचं असं, दादाशी बोलणं झालंय. तुम्ही ग्रॅनाइटला जे ठरवलंत त्यातल्या निम्म्यात साधा बाक होईल. उरलेले आणि आमचे दोघांचे मिळून बाजूला ठेवू आणि माळीकाकांना तीन वर्षं दर महिन्याला देऊ, फेब्रुवारी ते जून थोडे जास्त, टँकर लागला तर टँकर. उद्यान विभागात अर्ज करताना हे पण लिहून द्या की देखभाल आम्ही करू, तोंडी नको. उद्घाटन करायचंच असेल तर माईच्या भजनी मंडळातल्या आज्यांना बोलवा आणि बसवा. साहेबांना पेढे पाठवा घरी, वाईट वाटायला नको.

मजकूर माझ्याकडून एवढाच, "टेक की जरा", आणि खाली "माई". जन्म-मृत्यूच्या तारखा हव्या असतील तर घाला, पण गं. भा. नाही आणि आपलं कुणाचंच नाव नाही. आत्या चिडतील. त्यांना मी फोन करते.

आणि एक काम. आजोबांची ती जाळी विचारून घरी घेऊन या. लोखंड जाड आहे अजून, घासून रेडऑक्साइड मारला की होईल. माईच्या बकुळीला तीच लावू, खोड जाड झालं की काढायची, नाहीतर सालीत रुतते. पत्रा फेकू नका. जाताना पाना आणि थोडं तेल घेऊन जा, खालचे नट पूर्ण गंजलेत, मी हाताने फिरवून बघितले होते.

तुमची
छोटी

ता. क. आई, जेवले मी. वरण-भात आणि तुझं लिंबाचं लोणचं, तळाला आलंय.