मशीनवर उभं कोण होतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे असलेल्या जगातल्या कंपन्यांवरचा लेख वाचला, मस्त जमलाय, पण दुसऱ्या महायुद्धाचा भाग तेवढा दोन ओळीत उरकलाय, कठीण काळातही कारखाना बंद पडू दिला नाही वगैरे. अहो पण चालू ठेवला कोणी? नेहमीचे कामगार तर लढायला गेलेले, मग मशीनवर उभं कोण होतं, हे कुणालाच विचारावंसं का वाटत नाही?

अभिमानाने सांगावं असंही त्या काळात घडलंय, नाही कशाला म्हणू. न्यूयॉर्कच्या स्टाइनवे घराण्याचंच घ्या ना, पियानो बनवणारी माणसं, युद्धात धातूवर बंधनं आली नि नेहमीचं काम थांबलं तर त्यांनी सैन्याच्या ग्लायडरचे लाकडी भाग बनवले आणि नंतर फौजेसाठी ऑलिव्ह हिरव्या रंगाचे, पुढचे पाय काढून टाकलेले छोटे पियानो काढले, ते ट्यूनिंगच्या सामानासकट खोक्यात भरून सैनिकांकडे जायचे. असली गोष्ट नातवंडं हौसेने सांगणारच, मीही सांगितली असती.

पण जर्मनीतल्या बिस्किटवाल्या बाल्सेनचं बघा. २०१९ मध्ये त्या घरातली पणती बोलून गेली की तो सगळा आमच्या जन्माआधीचा मामला, आणि सक्तीने आणलेल्या कामगारांना आम्ही चांगलंच वागवलं, पगारही जर्मनांइतकाच दिला. केवढा गदारोळ झाला! तिने माफी मागितली, कंपनीने इतिहासकारांना कामाला लावलं. तेव्हा कंपनी स्वतः सांगत होती की १९४३ ते १९४५ मध्ये असे साधारण २०० जण होते, आणि २०२४ ला अभ्यास बाहेर आला तेव्हा तो आकडा ८०० च्या वर गेलेला. मला वाटत नाही ती पोरगी खोटं बोलत होती, घरात जे ऐकत मोठी झाली तेच बोलली बिचारी. माझा मुद्दा हाच आहे, घरात सांगितली जाते ती गोष्ट असते, हिशेब कागदात असतो आणि ते कागद उघडेपर्यंत कुणालाच काही माहीत नसतं.

जर्मनीतल्याच रायमन ह्या उद्योजक घराण्याचं तर वाचून डोकंच चक्रावतं. ह्यांच्या आधीच्या पिढीतले बाप-लेक पक्के नाझी, आणि २०१९ मध्ये हे सगळं पेपरात आल्यावर वारसदारांनी १ कोटी युरो दान द्यायचं जाहीर केलं. पण खरी गोष्ट त्याच्याही पुढे आहे. त्याच मुलाला म्हणजे धाकट्या रायमनला आपल्याच कंपनीत कामाला असलेल्या एमिली लांडेकर नावाच्या बाईपासून मुलं झाली, आणि तिचे वडील आल्फ्रेड लांडेकर हे ज्यू, १९४२ मध्ये नाझींनी त्यांना पकडून नेलं नि मारलं. म्हणजे आजच्या मालकांपैकी काहींचा एक आजोबा हिटलरचा भक्त आणि दुसरा त्याचा बळी. पुढे घराण्याने आपल्या फाउंडेशनला त्या आजोबांचं, लांडेकरांचं नाव दिलं. हे मात्र मला पटलं, नुसता चेक फाडून मोकळं होण्यापेक्षा कितीतरी बरं.

आणि एरफुर्टची टोप्फ आणि सन्स. १८७८ ची कंपनी, बिअरसाठी माल्ट तयार करायची यंत्रं हा मुख्य धंदा. ह्यांनीच ऑशविट्झ आणि बुखेनवाल्ड ह्या नाझी छावण्यांतल्या प्रेतं जाळायच्या भट्ट्या बनवल्या, बुखेनवाल्डच्या भट्टीवर कंपनीच्या नावाची पाटी सुद्धा आहे. एकूण उलाढालीत हे काम अगदी किरकोळ होतं, म्हणजे त्याच्यावाचून कंपनी बुडत नव्हती, त्यामुळे पोटासाठी केलं असंही म्हणता येत नाही. ऑफिसच्या वरच्या मजल्यावरून एटर्सबर्गची टेकडी दिसते, बुखेनवाल्डची छावणी तिथेच होती, म्हणजे ड्रॉइंग काढणाऱ्या इंजिनियरने मान वर केली की समोर तीच. २०११ पासून तिथे म्युझियम आहे, आणि कंपनीच्या पत्रांखाली शेवटी जो मायना असायचा, सदैव आपल्या सेवेत तत्पर अशा अर्थाचा, तो आता इमारतीच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलाय. ह्या म्युझियमसाठी धडपडणाऱ्यांत संस्थापकाचा पणतू हार्टमुट टोप्फही होता, त्याच्या वाट्याला कारखान्यातला एक खिळाही आलेला नव्हता, आडनाव तेवढं आलं होतं.

लोक म्हणतात पणतवंडांचा काय दोष, उगाच मढी कशाला उकरता. दोष नाहीच हो, मान्य. पण कारखाना, ब्रँड, शेअर हे सगळं आजोबांचं म्हणून घेतलं ना, मग हजेरीचं रजिस्टरही आजोबांचंच आहे, तेवढंच रद्दीत कसं घालता? जर्मनीत २००० साली सरकार आणि उद्योगांनी मिळून १,००० कोटी मार्कांचा फंड उभारला आणि सक्तीने राबवलेल्या सोळा लाखांहून जास्त माणसांना पैसे दिले, पण तोपर्यंत युद्ध संपून ५५ वर्षं झालेली, कितीतरी जण त्याआधीच गेले होते.

म्हणून एक विनंती, पुढच्या वेळी अशा घरातल्या कुणाची मुलाखत छापाल तेव्हा युद्धाच्या वर्षांचं हजेरीबुक आहे का आणि ते इतिहासकाराला बघू देणार का एवढं जरूर विचारा, आणि उत्तर नाही म्हणून आलं तर तेही छापा.

आपला,
एक नियमित वाचक