फोटो जोडताना ढगांवर भरवसा नको

महोदय,

रविवारच्या पुरवणीत 'फोटो टाका, सॉफ्टवेअर आपोआप जोडून देते' असे वाचले. आमच्या लोणारपुरते तरी ते खरे नाही.

मेहकरजवळच्या गावात माझा छोटा स्टुडिओ आहे. धंदा लग्नांचा, हौस सरोवराची. गेल्या पावसाळ्यात काठावरून, ट्रायपॉड न लावता, सात फोटो काढले. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, एका फ्रेममध्ये मावतच नाही. घरी येऊन ह्यूगिन या फोटो जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडले, तर कमळजा देवीच्या बाजूचा काठ चक्क पायरीसारखा तुटलेला! कंट्रोल पॉइंट (दोन फोटोंतली एकच जागा म्हणून सॉफ्टवेअर जुळवते ते बिंदू) पाहिले आणि कपाळावर हात मारला. निम्मे ढगांवर, काही पाण्यावरच्या लाटांवर, बाकीचे समोरच्या सीताफळाच्या फांदीवर. ढग दोन फोटोंच्या मध्ये सरकतो. फांदी वाऱ्याने हलते ती हलतेच, शिवाय मी एक पाऊल बाजूला झालो की मागच्या दरडीपुढे तिची जागाच बदलते. सॉफ्टवेअर बिचारे काय करणार!

मग सगळे पॉइंट पुसले. प्रिव्ह्यूमध्ये पलीकडच्या दरडीवर तेवढा चौकोन ओढला आणि तिथेच पॉइंट शोधायला लावले. निम्मेही मिळाले नाहीत, पण काठ जुळला. फांदी मात्र मास्कने झाकावी, म्हणजे फोटोतला तेवढा भाग वगळावा लागला, नाहीतर एकीच्या दोन दिसत होत्या.

ह्यूगिन फुकट मिळते. पुढच्या लेखात हा चौकोन कसा ओढायचा तेवढे चित्रासह छापा. आमच्याकडे शिकवायला कोणी नाही.

— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा