नंबरच नाही, तर चलन कोणावर फाडणार?

मा. संपादक,
स. न.

पदपथांवरून गाड्या दामटणाऱ्यांवर ई-चलनाची कारवाई होणार, ही तुमच्या कालच्या अंकातील बातमी वाचली. कारवाई व्हायलाच हवी. पण घरपोच सामान पोहोचवणाऱ्यांच्या बिनानंबरच्या विजेवरच्या स्कूटर दिवसभर आमच्या पदपथावरून धावतात, त्यांच्याबद्दल बातमीत एक अक्षर नाही. ज्या गाडीला नंबरच नाही, तिचे चलन फाडणार कोणाच्या नावाने?

गेल्या पावसाळ्यात माझी मोठी बहीण औषधांच्या दुकानाच्या पायरीवरून पदपथावर उतरली आणि अशाच एका स्कूटरने तिला मागून धडक दिली. ती हातावर पडली. उजवे मनगट मोडले, शस्त्रक्रिया करून प्लेट आणि स्क्रू बसवावे लागले. आजही तिला डब्याचे झाकण उघडता येत नाही. स्कूटरवरचा मुलगा पळाला नाही, हे मुद्दाम सांगतो. त्याने तिला उचलून पायरीवर बसवले, स्वतःच्या बाटलीतले पाणी दिले. हँडलला लावलेला त्याचा मोबाइल सारखा वाजत होता. ‘आजी, उशीर झाला तर माझे पैसे कापतात हो,’ एवढे म्हणून तो गेला. त्या पोराला तुरुंगात टाका असे तिचेही म्हणणे नाही आणि माझेही नाही. त्याला रस्ता सोडून पदपथावर चढायला लावणारे, आणि अपघात झाल्यावर हात झटकणारे, त्यांच्याबद्दल माझी तक्रार आहे.

चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, गाडीचा नंबर काय? नंबर नव्हता म्हटल्यावर एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेऊन जा म्हणाले. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे आणि निष्काळजीपणाने ती केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा गुन्हा दखलपात्र आहे. तो एनसीवर का भागवायचा? मग कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथे विचारले, ‘ऑर्डर नंबर सांगा.’ अहो, तिने काही मागवलेच नव्हते! ती फक्त पदपथावरून चालत होती. अशा माणसाची तक्रार घ्यायला त्या कंपनीकडे जागाच नाही. शेवटी ‘रायडर आमचा कर्मचारी नाही’ एवढे उत्तर मिळाले. शस्त्रक्रियेचा खर्च बहिणीची मुदत ठेव मोडून भागवला.

याचे मूळ नियमात आहे. ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची मोटर असलेली हलकी विजेवरची दुचाकी केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन ठरत नाही. म्हणून नोंदणी नाही, लायसन्स नाही, विमा नाही. मोटार वाहनाने धडक दिली असती, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता आले असते आणि भरपाई विमा कंपनीकडून मिळाली असती. इथे दिवाणी दावा लावायचा, कोर्ट फी भरायची, आणि तोही कोणावर? महिना कसाबसा भागवणाऱ्या त्या मुलावर? घरच्या वापरासाठी ही सवलत ठीक आहे. पण तीच गाडी पाठीवर सामान लादून दिवसभर धंद्यासाठी पळवली जाते, तेव्हा सवलतीचा फायदा कंपनीला आणि मोडलेले हाड आमच्या वाट्याला, हे मला मान्य नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांसाठी द्यावी अशी तरतूद आहे. ती हवीच. पण धडक बसलेल्या पादचाऱ्याचे काय?

धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला, मग ती साधी सायकल का असेना, लांबून वाचता येईल असा क्रमांक हवा. तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचा विमा सामान पोहोचवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या पैशाने काढावा. आणि त्या वेळी ऑर्डर सुरू असेल, तर भरपाईची पहिली जबाबदारी कंपनीची, असे कायद्यात स्पष्ट लिहावे. कोणती गाडी कोणत्या मिनिटाला कुठे होती, हे कंपनीला नकाशावर दिसत असते. मग ती पदपथावरून गेलेली तेवढी दिसत नाही?

विनाअडथळा पदपथ हा घटनेच्या कलम 21 खालचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी सांगितले. आपल्या पुण्यात 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करून पादचारी दिनही साजरा होतो. मला तो दिवस आवडतो, मी जातोही. पण उरलेल्या दिवसांचे काय?

जाता जाता आणखी एक. दुचाकी चढू नयेत म्हणून आमच्या भागात पदपथाच्या तोंडाशी खांब रोवले आहेत. त्यांतला एक कोणीतरी उखडला, तिथून स्कूटर बिनदिक्कत आत येतात. बाकीचे इतके जवळजवळ आहेत की शेजारच्या काकांची चाकाची खुर्ची अडते आणि त्यांना भर रस्त्यावरून न्यावे लागते. तो उखडलेला खांब पुन्हा बसवावा आणि खुर्ची जाईल एवढी फट ठेवावी. हे काम महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला याच आठवड्यात करता येईल, त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

– एक ज्येष्ठ नागरिक, कोथरूड, पुणे