यंदा आखाजीला मी येणार नाही

ती. आई आणि ती. नाना यांना,
साष्टांग नमस्कार.

फोन लावला की आई, तुझा आवाज भरून येतो आणि मग माझाही. सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहून पाठवते आहे. भाऊच्या मुलाला वाचून दाखवायला सांगा. नाना, तुम्ही डोळे ताणून स्वतः वाचत बसू नका.

आधी तेच सांगून टाकते. यंदा आखाजीला मी येणार नाही. लग्नाला 14 वर्षं झाली, अक्षय्य तृतीयेला माहेरी आले नाही असं एकदाही झालं नाही. धाकटीच्या वेळी सातवा महिना होता, तरी चोपड्याहून एसटीनं आले होते. पण या वेळी आखाजीच्या दोन दिवस आधी फवारणीचा ड्रोन उडवायचं प्रशिक्षण सुरू होतंय. 15 दिवसांचं आहे, पुण्याकडे. आमच्या बचत गटानं माझं नाव दिलं आणि मी सही करून मोकळी झाले. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. तुम्ही नाही म्हणाला नसतात, हे मला माहीत आहे. पण 'बरं बाई' म्हणताना आईचा जो आवाज येतो ना, तो ऐकून मीच माघार घेतली असती.

तुम्हाला वाटेल, शेतात राबणाऱ्या बाईला हे कशाला हवंय. नाना, नीट ऐका. नमो ड्रोन दीदी ही केंद्र सरकारची योजना आहे, बचत गटांसाठी. देशभरातल्या 15,000 गटांसाठी 1,261 कोटी रुपये मंजूर झालेत. ड्रोनच्या किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये, सरकार देतं. उरलेलं गटाच्या नावावर कर्ज, आणि त्याच्या व्याजात 3 टक्के सवलत. शिकण्याचा खर्चही त्यातच धरलाय. घरातून एक रुपया घातलेला नाही. आई, तू दिलेली पोत माझ्या गळ्यातच आहे, कुठेही गहाण ठेवलेली नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या मनात पहिलं तेच येणार.

परीक्षा दिली की सर्टिफिकेट मिळतं, ते 10 वर्षं चालतं. नाना, दिल्लीच्या ज्या विमान खात्याच्या, डीजीसीएच्या, नियमांनी विमानाचे पायलट तयार होतात, त्यांच्याच नियमांनी आम्हालाही शिकवतात. फरक एवढाच, की विमानाच्या पायलटला 200 तास उडवून दाखवावं लागतं आणि त्याचा खर्च असा, की आपला सगळा मळा विकला तरी भागायचा नाही. आम्हाला लागते फक्त दहावी पास आणि 18 ते 65 मधलं वय. त्या दहावीसाठी तुम्ही काय केलंत ते मी विसरलेले नाही. आत्यानं तेव्हा काय म्हटलं तेही नाही.

परवा भांडी घासताना एकदम गोंदूरचा रस्ता आठवला. मी सात-आठ वर्षांची असेन. बाजारातून परतताना तुम्ही धावपट्टीपाशी गाडी थांबवलीत आणि म्हणालात, "पोर, थांब, तुले ईमान दखाडस." आपण बैलांना पेंढी टाकली आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. विमान काही आलं नाही. घरी येऊन तुम्ही आईला सांगितलंत, आलं होतं, पोरीनं पाहिलं. मी पण हो म्हटलं. आई, आज सांगते, आलं नव्हतं.

आता तुमची काळजी. ड्रोन अंगावर पडेल, पंख लागेल, असं काही नाही. मी बांधावर लांब उभी राहणार, हातात रिमोट. बॅटरी उतरायला लागली की तो आपणहून माघारी येतो. पहिले 5 दिवस उडवायचं शिकवतात, नंतरचे 10 दिवस फवारणीचं. तुमच्या जावयांनाही घेतलंय, मदतनीस म्हणून, दुरुस्तीचं शिकायला. मोटार बांधायचा हात आहेच त्यांना. मुलांकडे सासूबाई आहेत आणि मामेसासूबाईही येऊन राहणार आहेत. बायकांची राहायची सोय वेगळी आहे, असं बचत गटांचं काम बघणाऱ्या उमेद अभियानाच्या ताईंनी स्वतः चौकशी करून सांगितलं. बिबडे, शेंगदाण्याची चटणी आणि कळण्याचं पीठ बांधून घेतलंय. तिथे कुणी चूल दिली तर भाकरीही थापीन. उपाशी राहणार नाही, त्याची चिंता करू नकोस.

खरं कारण अजून लिहिलंच नाही. नाना, ती सप्टेंबरातली दुपार. तुम्ही कपाशीच्या तासात बसून राहिलात आणि पंप पाठीवर तसाच होता. ओकारी, घाम, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झालेली. भाऊ घाबरून तुमच्या तोंडात ताक ओतत होता आणि डॉक्टर नंतर त्याच्यावर केवढे ओरडले. त्या दिवशी सकाळी औषध कालवून मीच तुमच्या हातात दिलं होतं. तुम्ही कधी एका शब्दानं बोलला नाहीत. मला मात्र ते रोज आठवतं. आणि एवढं होऊन गेल्या पावसाळ्यातही तुम्ही तोच 16 लिटरचा पंप घेऊन उभ्या कपाशीत शिरलात, गड्याची मजुरी परवडत नाही म्हणून. भाऊनं सांगितलं, तेव्हा मी जेवले नाही.

ड्रोनच्या फवारणीत माणूस पिकात शिरतच नाही. एकरी 10 लिटर पाण्यात काम होतं, पंपानं ओढावं लागतं त्याच्या कितीतरी कमी. दिवसाला 20 एकर सहज होतात म्हणे. पण पाणी कमी म्हणजे औषध घट्ट. वाऱ्यानं ते शेजारच्या भाजीवर, विहिरीवर गेलं तर वाईटच. म्हणून सोबत वारा मोजायचं यंत्र देतात, पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी ते बघायचं मीटरही देतात. आपलं बोअरचं पाणी किती जड आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. मला हे सगळं नीट शिकायचंय. अर्धवट शिकून कुणाच्या शेतात जायचं नाही, हे मी गटातही सांगितलंय.

पहिली फवारणी आपल्या मळ्यात करीन असं मनात आहे. पण ड्रोन गटाचा आहे, बायका ठरवतील तसं होईल. म्हणून आज शब्द देत नाही. पंपाला मात्र तुम्ही हात लावायचा नाही, हे माझं सांगणं आहे. तोवर गडी लावा, पैसे मी पाठवते. नको म्हणायचं नाही.

नानांच्या मोतीबिंदूची तारीखही मी डॉक्टरांशी बोलून पुढे ढकललीय. घाई नाही असं ते म्हणाले. पुण्याहून घरी न जाता मी थेट धुळ्याला उतरेन आणि आठ दिवस राहीन. तोवर बीपीची गोळी सकाळची सकाळीच घ्यायची, आठवण झाली तेव्हा नाही. दुपारी 12 ते 4 मळ्यात जायचं नाही, यंदा ऊन फार आहे. आई, गुडघ्यावर शेकशील तेव्हा पिशवी फडक्यात गुंडाळत जा, मागच्या वेळी भाजलं होतं. आणि घागरी तू उचलू नकोस. आखाजीच्या दिवशी वहिनीला भरू दे, ती मनानं चांगली आहे, तू फक्त शेजारी बस.

लिंबाला झोका मात्र बांधाच. भाऊच्या पोरीला खेळू दे. सांजोऱ्या कर, दोन माझ्या नावाच्या डब्यात ठेव. शिळ्या झाल्या तरी मी खाईन.

एक काम राहिलं. माझं दहावीचं मूळ प्रमाणपत्र तुझ्या पेटीत आहे, तळाला, माझ्या पिवळ्या फ्रॉकमध्ये गुंडाळलेलं. फ्रॉक तिथेच राहू दे. प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घालून मंगळवारच्या आत भाऊच्या हाती पाठव. एसटीच्या कंडक्टरकडे देऊ नकोस.

तुमची,
मोठी