दोन चित्रफितींवरून निकाल देऊ नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या दोन्ही चित्रफिती पाहिल्या. एकीत तुझा अमेरिकेतल्या निवडणुकीतला उमेदवार मित्रदेशाला लष्करी मदत द्यायलाच हवी म्हणतो, दुसरीत एक डॉलरही द्यायचा नाही म्हणतो. या माणसाच्या शब्दावर विसंबावं का, असं तू विचारलंस. तुझी शंका रास्त आहे, पण चित्रफितींवरून निकाल देऊ नकोस. चित्रफीत कापताना मागचं वाक्य आणि तारीख या दोन गोष्टी सगळ्यात आधी गळतात, आणि परराष्ट्र धोरणावरच्या विधानाचा अर्थ बहुतेक वेळा त्यांच्यातच असतो.

आधी एक कागद घे आणि तारखा मांड. विधान कोणत्या दिवशी केलं, तेव्हा तो कोणत्या पदावर होता, समोर कोण बसलं होतं आणि त्या आठवड्यात काय घडत होतं, हे प्रत्येक विधानापुढे लिही. पदाचा रकाना गाळू नकोस. हिलरी क्लिंटन यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये ॲडलेडला प्रशांत महासागराभोवतीच्या देशांच्या व्यापार कराराची तोंडभरून स्तुती केली, तेव्हा त्या परराष्ट्रमंत्री होत्या. मंत्र्याला सरकारची बाजू मांडावीच लागते, म्हणून त्या स्तुतीचं वजन थोडं कमी धरायला हरकत नाही. पुढे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्यावर, ७ ऑक्टोबर २०१५ ला, त्यांनी त्याच कराराला विरोध जाहीर केला. आता आजूबाजूच्या तारखा लाव. वाटाघाटी ५ ऑक्टोबरला संपल्या होत्या. पूर्ण मसुदा लोकांसमोर आला ५ नोव्हेंबरला. आणि त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षातल्या उमेदवारांची पहिली वादसभा होती १३ ऑक्टोबरला, तिथे समोर कराराचे कडवे विरोधक बर्नी सँडर्स उभे राहणार होते. मला तरी त्या बदलाचं कारण मसुद्यापेक्षा प्रचाराच्या वेळापत्रकात जास्त दिसतं.

यानंतर मतदान बघ. हे काम किचकट आहे, पण खरी माहिती इथेच हाती लागते. सिनेट आणि प्रतिनिधीगृह ही काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, दोन्ही सभागृहं आपापल्या संकेतस्थळावर कोणी कसं मत दिलं ते नावानिशी देतात. लोक नुसतं 'हो' की 'नाही' पाहतात आणि फसतात, कारण मत नेमकं कशावर होतं ते वाचतच नाहीत. युक्रेन, इस्रायल वगैरे मित्रदेशांना मदत देणारं एप्रिल २०२४ चं विधेयक घे. प्रतिनिधीगृहाने २० तारखेला त्याचे चार तुकडे करून वेगवेगळं मतदान घेतलं. युक्रेनचा तुकडा ३११ विरुद्ध ११२ ने, इस्रायलचा ३६६ विरुद्ध ५८ ने मंजूर झाला. म्हणून तिथल्या सदस्याचं युक्रेनबद्दल मत काय, ते एका ओळीत कळतं. सिनेटमध्ये मात्र चारही तुकडे एकत्र बांधून आले आणि २३ तारखेला ७९ विरुद्ध १८ ने पास झाले. त्या १८ जणांत युक्रेनला पैसे नकोत म्हणणारे होते, तसे सँडर्सही होते, आणि त्यांचा विरोध इस्रायलला जाणाऱ्या शस्त्रांच्या पैशाला होता. नोंदीत दोघांपुढे सारखाच 'नाही' दिसतो. तुझा उमेदवार सिनेटमधला असेल, तर एवढ्या एका मतावरून त्याला पलटी मारणारा ठरवू नकोस. त्या दिवशीचं त्याचं निवेदन शोध.

आणखी एक खाचखळगा आहे. कधी कधी मत विधेयकातल्या दुरुस्तीवर नसतं, ती दुरुस्ती बाजूला सारण्याच्या प्रस्तावावर असतं. तिथे 'हो' म्हणणारा दुरुस्तीच्या विरोधात असतो. विरोधी पक्षाच्या जाहिरातीत हा उलटसुलट प्रकार सर्रास चालतो.

२००४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले सिनेटर जॉन केरी यांचं उदाहरण तू ऐकलं असशील. ८७ अब्ज डॉलरच्या इराक-अफगाणिस्तान निधीला आधी होकार दिला आणि मग विरोध केला, असं ते मार्च २००४ मध्ये स्वतःच बोलून गेले, आणि ते वाक्य निवडणूक संपेपर्यंत त्यांच्या मानगुटीवर बसलं. खरं तर ती दोन वेगळी मतं होती. श्रीमंतांची करसवलत मागे घेऊन हा पैसा उभारावा, या दुरुस्तीला त्यांचा होकार होता. ती पडली. मग ऑक्टोबर २००३ मध्ये मूळ विधेयकावर ८७ विरुद्ध १२ असं मतदान झालं, त्या बारांत ते होते. यात विसंगती नव्हती. मात्र त्याच काळात पक्षात उमेदवारीसाठी त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या युद्धविरोधी हॉवर्ड डीन यांचा जोर वाढत होता, हेही तुझ्या कागदावर यायला हवं.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. माणसाने मत बदललं तर मी त्याला दोष देत नाही, नवी माहिती येते, परिस्थिती पालटते. पण बदललंच नाही म्हणणं वेगळं. इराकवर हल्ल्याला पाठिंबा आहे का, असं सप्टेंबर २००२ मध्ये रेडिओवर विचारल्यावर डोनाल्ड ट्रम्प यांनी चाचरत का होईना, होकार दिला होता. २०१६ च्या प्रचारात मात्र आपण सुरुवातीपासून विरोधात होतो, असं ते सांगत राहिले. त्यामुळे तुझा उमेदवार जुन्या विधानाबद्दल विचारल्यावर काय करतो ते बारकाईने बघ. 'तेव्हा मला असं वाटत होतं, आता या कारणाने वाटत नाही,' असं म्हणतो का? की प्रश्न विचारणाऱ्यावरच डाफरतो?

शेवटी, आश्वासन पाळणं त्याच्या हातात आहे का, तेही तपास. इस्रायलमधली अमेरिकेची वकिलात जेरुसलेमला हलवण्याचा कायदा १९९५ चा आहे. पण त्यात राष्ट्राध्यक्षाला दर सहा महिन्यांनी सही करून तो लांबणीवर टाकायची मुभा होती. धाकट्या बुशनी (जॉर्ज डब्ल्यू. बुश) २००० च्या प्रचारात वकिलात हलवायचं वचन दिलं, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर आठ वर्षं ते लांबणीवर टाकायच्या सह्या केल्या. तिथे अडवणारं कोणी नव्हतं, म्हणून तो शब्द मोडला असंच मी म्हणेन. उलट, नाटो या लष्करी आघाडीतून अमेरिकेने बाहेर पडायचं कोणी म्हणत असेल तर डिसेंबर २०२३ चा कायदा आडवा येतो. त्याप्रमाणे सिनेटची दोन तृतीयांश संमती किंवा काँग्रेसने केलेला स्वतंत्र कायदा लागतो.

तुझ्या उमेदवाराच्या दोन्ही विधानांच्या तारखा आणि त्यांच्या मधल्या काळातली त्याची मतं काढून पाठव. दुसऱ्या चित्रफितीत 'द्यायचा नाही'च्या आधी त्याने काही अट घातली होती का, ते पूर्ण भाषण ऐकून सांग. मला तिथे वाक्य मध्येच तोडल्यासारखं वाटतंय.

तुझी,
आई